मोठा प्रोसेसर, जुनं ग्राफिक्स कार्ड: नवी पेठेतल्या असेंब्लीवाल्याचा अनुभव

गेमिंगसाठी पीसी हवा असेल तर हा रिव्ह्यू तुमच्या फार कामाचा नाही. मी कॉलेजात ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवते आणि नोकरी सांभाळून थिऑरेटिकल ऑरगॅनिकमध्ये, म्हणजे रेणू आणि अभिक्रिया संगणकावर मोजण्यात, पीएचडी करते. फ्यूम हूड नाही, रोटाव्हॅप नाही, हाताला सॉल्व्हंटचा वास नाही. टेबलाखालचा डबा हीच माझी लॅब, त्यामुळे तो कोण बांधून देतो याला किंमत आहे.

सोलापूरच्या नवी पेठेत पहिल्या मजल्यावर हे दुकान आहे. मालकांना सगळे अण्णा म्हणतात, मीही म्हणते. यादी दिली: रायझन ५९५०एक्स, ६४ जीबी रॅम, १ टीबी एनव्हीएमई. ग्राफिक्स कार्ड लिहिलं नव्हतं. अण्णा म्हणाले, "मॅडम, ह्या प्रोसेसरला आतला डिस्प्ले नाही. काहीतरी कार्ड लागणारच. पण गेम खेळायचं नसेल तर महागडं घेऊ नका, जुनं जीटी ७१० पडून आहे, तेच टाकतो." याच वाक्यावर मी दुकान पक्कं केलं. पुण्यातल्या एका दुकानात हीच यादी दाखवली होती, तिथे पोरानं आधी कार्डांचाच कॅटलॉग उघडला होता.

मी ओर्का वापरते, रेणूंची गणितं करणारं सॉफ्टवेअर. शैक्षणिक वापरासाठी फुकट आहे आणि माझं सगळं काम प्रोसेसरवरच चालतं. १६ कोर एकदम जुंपले की प्रत्येकाला स्वतःची रॅम लागते. ६४ जीबी म्हणजे कोरमागे जास्तीत जास्त ४, त्यातूनही थोडी सिस्टिमला सोडावी लागते. ३२ घेऊ नका.

मशीन घरी आल्यावर पहिली परीक्षा घेतली ती ब्युटाडाइन आणि इथिलीनच्या डील्स-आल्डरची. दोन रेणू दोन नव्या बंधांनी जोडले जाऊन सहा कार्बनचं कडं होतं, टीवायबीएस्सीच्या पोरांना दोन ओळींत शिकवतो ती अभिक्रिया. दोन्ही बंध एकदम जुळतात की आधी एक आणि मग दुसरा, यावर मोठमोठी माणसं वर्षानुवर्षं भांडली आहेत. १९६५ साली वुडवर्ड आणि हॉफमन यांनी ऑर्बिटलच्या (रेणूतल्या इलेक्ट्रॉनांच्या जागांच्या) सममितीचे नियम मांडले, बंध एकदम कधी जुळू शकतात ते सांगणारे. वुडवर्डकडेच १९६८ साली पीएचडी केलेला केन हाउक आधी प्रयोग करणारा माणूस. लुइझियाना, पिट्सबर्ग असं करत १९८६ साली यूसीएलएला पोचला, तोवर त्याचं बरंचसं काम संगणकावर गेलं होतं. तिकडे टेक्सासात मायकल ड्युअर. त्याच्या सेमी-एम्पिरिकल (प्रयोगातले आकडे मिसळून सोप्या केलेल्या) पद्धती तीच अभिक्रिया एकांगी, एक बंध आधी आणि दुसरा मागून, अशी दाखवायच्या, हाउकची अ‍ॅब इनिशिओ (निव्वळ सिद्धांतावरून केलेली) गणितं समतोल, दोन्ही बंध एकदम. रेणू एकच, उत्तरं दोन! १९९६ साली हाउकच्या गटानं डीएफटीनं (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढणाऱ्या पद्धतीनं) दोन्ही वाटा मोजल्या आणि एकदम जुळण्याची वाट काही किलोकॅलरींनी स्वस्त निघाली. पोरं विचारतात, सर्वांत अवघड काय असतं हो यात? मी सांगते, गणित सुटणं नव्हे, कोणत्या पद्धतीवर किती विश्वास टाकायचा ते.

तर, मीही डीएफटीच लावली: पद्धत बी३एलवायपी, बेसिस सेट ६-३१जी(डी). संक्रमण अवस्थेत, म्हणजे अभिक्रियेच्या वाटेवरच्या माथ्यावर, दोन्ही नवे बंध २.२७ अँगस्ट्रॉमच्या आसपास, काल्पनिक वारंवारता एकच, म्हणजे माथा खराच. छापील आकड्यांशी जुळलं. जुन्या लॅपटॉपवर हे लावून मी पेपर तपासायला बसायची. इथे चहा उकळायच्या आत झालं.

आता तक्रारी. जाळीचा कॅबिनेट सांगितला होता, मिळाला समोर काच आणि रंगीबेरंगी दिवे असलेला. "पोरं हाच मागतात," म्हणे. जानेवारीत, गड्डा यात्रेच्या थंडीत, काही कळलं नाही. एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडून गेला आणि मोठं गणित लावलं की प्रोसेसर ९० अंशांना टेकायचा, मग आपोआप वेग कमी. कॅबिनेट बदलून दिला, पण फरकाचे पैसे पूर्ण घेतले. हे मला पटलेलं नाही. विंडोजशिवाय दुसरं काही तिथे माहीत नाही, उबंटू माझं मीच टाकलं. आणि बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, ते मागाच, वॉरंटीला लागतं.

यूपीएसच्या बाबतीत मात्र अण्णांचं ऐका. मी ६०० व्हीएचा घेणार होते, त्यांनी १ केव्हीएच घ्यायला लावला. रात्रभर चाललेलं फ्रिक्वेन्सीचं (रेणूच्या कंपनांचं) गणित पहाटे लाईट गेल्यावर मुकाट्यानं पुन्हा पहिल्यापासून लावणं काय असतं, हे ज्यानं सोसलंय त्याला विचारा. एवढ्यानं तासभर मिळत नाही, पण मशीन नीट बंद करण्यापुरता वेळ मिळतो.

सगळं मिळून लाखाच्या थोडं वर गेलं. पाचपैकी चार देते; पाचवा काचेच्या कॅबिनेटनं घालवला. जाणार असाल तर दुपारी जा, संध्याकाळी तिथे मोबाईलच्या काचा बदलणाऱ्यांची गर्दी असते आणि अण्णांना यादी वाचायलाही फुरसत नसते.