खिशात मावणारा प्रत्यर्पण अधिनियम

शिकागोच्या ज्यूरीने 2011 मध्ये तहव्वूर राणा याला मुंबई हल्ल्याच्या कटाच्या आरोपातून मुक्त केले होते, आणि तरीही मे 2023 मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने त्याला प्रत्यर्पणास, म्हणजे खटल्यासाठी भारताच्या ताब्यात देण्यास, पात्र ठरवले. हे कसे घडले ते समजून घेण्यासाठी मी प्रत्यर्पण अधिनियम, 1962 ची ही बेअर अ‍ॅक्ट पुस्तिका, म्हणजे भाष्याविना कायद्याचा नुसता मजकूर, विकत घेतली. अपेक्षाच चुकीची होती, कारण राणाच्या बाबतीत कस लागला तो अमेरिकी कायद्यातील ‘प्रॉबेबल कॉज’चा (गुन्हा केला असावा असे मानण्यास वाजवी कारण), तर हा अधिनियम मुख्यतः परक्या देशाने भारताकडे एखाद्याची मागणी केल्यावर काय करायचे ते सांगतो.

तेवढ्यापुरती पुस्तिका उत्तम आहे. टाइप वाचनीय आहे आणि 1993 च्या दुरुस्त्या मूळ मजकुरात नीट बसवल्या आहेत. कलम 7 दोनदा वाचावे: दंडाधिकारी मागणी करणाऱ्या देशाचा पुरावा घेतो, फरारी व्यक्तीचाही घेतो, गुन्हा राजकीय स्वरूपाचा असल्याचे दाखवण्याची संधी तिला देतो, आणि प्रथमदर्शनी प्रकरण (खटला चालवण्याइतपत वरकरणी पुरावा) उभे राहत नसेल तर तिला सोडून देतो. दोषी की निर्दोष, हे तो ठरवत नाही.

खरी अडचण यापुढे आहे. परदेशात नोंदवलेल्या जबान्या रीतसर प्रमाणित असल्या की पुरावा म्हणून स्वीकारता येतात, ही कलम 10 मधील तरतूद माहीत नसेल, तर साक्षीदार समोर न येता प्रकरण उभे कसे राहते याचा उलगडा कलम 7 वाचून होत नाही; पुस्तिकेत मात्र एका कलमाखाली दुसऱ्याचा हवाला नाही. सरबजित रिक सिंग प्रकरणात (2008) सर्वोच्च न्यायालयाने दंडाधिकाऱ्यापुढची ही चौकशी म्हणजे खटला नव्हे, असे सांगून खटल्यातील पुराव्याची काटेकोर शिस्त तिला लावण्यास नकार दिला. त्या निवाड्याचाही उल्लेख नाही. बेअर अ‍ॅक्टकडून भाष्यग्रंथाची अपेक्षा करू नये, हे मान्य. पण कलम 17 खालच्या निराळ्या मार्गात, जिथे प्रमाणित वॉरंट आणि प्रत्यर्पणयोग्य गुन्हा एवढ्याच गोष्टी पाहिल्या जातात, प्रथमदर्शनी प्रकरणाची अट दिसतच नाही, एवढे तरी तळटीपेत हवे होते.

मल्ल्या किंवा नीरव मोदी यांच्यासाठी घेत असाल तर घेऊ नका. त्यांच्या बाबतीत पुराव्याचा कस लागला तो ब्रिटनच्या 2003 च्या कायद्यातील कलम 84 खाली. कनिष्ठ वकिलाने आणि कायद्याच्या विद्यार्थ्याने मात्र ही प्रत घ्यावी, आणि कलम 7 च्या समासात 10 व 17 हे आकडे स्वतःच लिहून ठेवावेत.