फळ्यांची होडी की शिवलेल्या प्लायवूडची?

ऐरोलीतल्या आमच्या रो-हाऊसच्या पुढच्या मोकळ्या जागेत मी आजवर दोन होड्या बांधल्या. पहिली साडेनऊ फुटी, सागवानी फळ्यांची. दुसरी दहा फुटी, सहा मिलिमीटरचं प्लायवूड कापून, तांब्याच्या तारेनं शिवून इपॉक्सीनं, म्हणजे दोन भाग कालवून लावायच्या कडक होणाऱ्या गोंदानं, जोडलेली. त्यामुळे ओळखीत कुणी होडीचं मनावर घेतलं की ‘फळ्या घेऊ की प्लाय?’ हा प्रश्न माझ्याकडे येतोच. दर वेळी फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढतो. तुम्हाला आराखडा वाचता येतो आणि रंधा चालवता येतो, एवढं धरून चालतो.

आधी फळ्या, कारण माझा जीव तिथेच जडला होता. बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यातले एक काका, उभा जन्म होड्या बांधण्यात गेलेले, दोन-तीन रविवार घरी येऊन बसले. हत्याराला त्यांनी हात लावला नाही, नुसतं बघून सांगत राहिले. आतल्या बरगड्यांसाठी मी सरळ लाकडातून गोलाई कापायला निघालो होतो. त्यांनी थांबवलं, वखारीत नेलं आणि बाभळीच्या ढिगातून मुळातच वाकड्या वाढलेल्या फांद्या वेचायला लावल्या. फांदी जशी वळते तसा आतला रेषा, म्हणजे लाकडाचा तंतू, तोही वळतो, म्हणून अशी बरगडी धक्क्याला दाद देत नाही. सरळ फळीतून कापलेल्या गोलाईत रेषा मध्येच तुटतो आणि ती नेमकी तिथूनच फाटते.

फळी वाकवली तीही त्यांच्याच रीतीनं. खाली मंद जाळ, वर ओलं गोणपाट, टोकाला दगडाचं वजन. गोणपाट सुकलं की पुन्हा पाणी मारायचं. अर्ध्या-पाऊण तासानं फळी हळूहळू मान टाकायला लागते, आणि त्या क्षणी तिला उचलून बरगड्यांवर दाबून बसवावं लागतं, कारण थंड झाली की ती ऐकत नाही. हे काम करण्यात जे सुख आहे ते प्लायवूडमध्ये मला मिळालं नाही, हे आधीच कबूल करतो.

वेळ खातं ते कड तासण्याचं काम. दोन फळ्यांमधला कोन नाळेपाशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, वेगळा, मध्ये वेगळा, मागे वेगळा, त्यामुळे कडेचा कल हातभर अंतरावर बदलत जातो. रंध्याचा एक हात जास्त पडला की तिथून उजेड दिसतो. एका फळीला माझा एक रविवार जायचा, कधी दोन. मग फटींत कापसाची वात ठासायची, वरून राळ आणि तेल. एका दसऱ्याला सुरू केलेली होडी पुढच्या वर्षीच्या दिवाळीला रंगाला आली.

प्लायवूडचं तसं नाही. आकार सपाट शीटवर आखून कापायचे, कडेनं चार-चार इंचांवर भोकं पाडायची आणि तारेचे टाके पिळत जायचं. सकाळी जमिनीवर पडलेले पाच तुकडे संध्याकाळी होडी होऊन उभे राहतात. ही पद्धत लोकप्रिय झाली ती 1963 साली इंग्लंडात आलेल्या मिरर डिंगी या छोट्या शिडाच्या होडीमुळे. होड्यांचा रचनाकार जॅक होल्ट आणि टीव्हीवर घरगुती सुतारकाम शिकवणारा बॅरी बकनेल या दोघांनी ती हौशी माणसासाठीच बेतली होती, आणि पुढे तशा 70 हजारांच्या वर होड्या झाल्या. होडी शिवणं आपल्याला परकं नाहीच. पश्चिम किनाऱ्यावर काथ्यानं फळ्या शिवून जहाजं बांधत, आणि 2025 मध्ये नौदलात आलेलं ‘कौंडिण्य’ त्याच रीतीनं शिवलेलं आहे. तिथे शिवण हीच ताकद असते. इथे तार म्हणजे कच्चा टाका, इपॉक्सी वाळलं की कापून टाकायची.

प्लायवूडमध्ये खरा घोर खरेदीचा. आयएस 710 चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडच्या भारतीय मानकाचा, शिक्का सगळेच दाखवतात. मी तीन दुकानांतून वीतभर तुकडे आणले आणि जुन्या पातेल्यात उकळत ठेवले. मानकात 72 तास उकळायला सांगितलंय, घरच्या गॅसवर ते जमणारं नव्हतं, मी आठ तास उकळले. एका तुकड्याचे थर चिरोट्यासारखे सुटून वर आले. शिक्का त्याच्यावरही होता. उरलेल्या दोनांतून कड बघून निवड केली. कडेला आतल्या थरात पोकळी दिसली तर ती शीट घेऊ नये, वाकवताना ती तिथेच मोडते आणि पुढे पाणीही तिथेच साठतं.

इपॉक्सीचा त्रास मी लपवणार नाही. मे महिन्यात अर्धा मग एकदम कालवला तर तो हातातच तापून धूर सोडतो आणि दगड होतो. शंभर-दीडशे ग्रॅमच कालवावं आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओतावं, म्हणजे उष्णता साठत नाही. सांध्याच्या आतल्या कोनात भरायला वखारीतला बारीक भुसा मैद्याच्या चाळणीनं चाळून त्यात मिसळायचा. चक्क्याइतकं घट्ट झालं पाहिजे, चमचा उलटा धरला तरी पडता कामा नये. मग त्याच चमच्याच्या पाठीनं कोनातून एका दमात ओढत न्यायचं आणि वर फायबरची पट्टी बसवायची. लाकडाला पहिला हात दुपार कलल्यावर द्यावा. तापत्या लाकडातून हवा बाहेर येते आणि बुडबुडे उठतात. निवत्या लाकडात ती आत ओढली जाते आणि इपॉक्सीही तिच्यामागून आत मुरतं. दमट हवेत वाळलेल्या थरावर मेणचट चिकटपणा येतो, तो पाण्यानं आणि भांड्यांच्या हिरव्या घासणीनं धुतल्याशिवाय पॉलिशपेपर लावू नये, नाहीतर पुढचा हात धरत नाही. हातमोजे घालाच. हार्डनरची, म्हणजे इपॉक्सी कडक करणाऱ्या त्यातल्या दुसऱ्या भागाची, ॲलर्जी एकदा जडली की जात नाही.

आणि धूळ. पहिल्याच रविवारी ती शेजारच्या काकूंच्या कुरडयांवर जाऊन बसली. मी माफी मागितली, आणि तेव्हापासून घासकाम पाण्याचा पेपर वापरून ओलंच करतो. वेळ जास्त लागतो, पण धूळ उडत नाही.

इथवर वाचून कुणालाही फळ्याच बऱ्या वाटतील. मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं. पारडं फिरलं ते एका गोष्टीनं.

फेब्रुवारीतल्या पौर्णिमेच्या भरतीला मी फळ्यांची होडी दिवाळ्याच्या जेटीवर नेली. रंग झाल्यापासून ती घरी पत्र्याखाली कोरडी उभी होती. पाण्यात सोडली आणि पाच मिनिटांत पायाखालची फळी ओली झाली, पंधरा मिनिटांत घोटाभर पाणी. माझ्या बांधणीतच खोट आहे असं वाटून पोटात गोळा आला. काकांनी वाकून आत बघितलं आणि म्हणाले, ‘बाला, होरी पान्यान रवली पायजे, उनान नाय.’ त्यांच्या सांगण्यावरून होडी दोन दिवस तिथेच बुडवून ठेवली. फळ्या फुगल्या, फटी मिटल्या, तिसऱ्या दिवशी पाणी उपसलं तर नवीन थेंब आला नाही.

पण मी राहतो ऐरोलीत. होडी छोट्या हत्तीतून घरी आली, आणि उन्हाळ्याच्या तीन आठवड्यांत जैसे थे. हॅक्सॉचं पातं फटीला लावलं तर ते कापसाच्या कडेनं सरळ आत गेलं. फळ्या रुंद, पाण्यातून काढून पुऱ्या सुकल्या की प्रत्येक थोडी आखडते, आणि एकेका बाजूला पाच फळ्या. सकाळ-संध्याकाळ तुळशीसोबत होडीलाही पाणी घातलं, आत ओली गोणपाटं अंथरली. आठ दिवस गावी जाऊन आलो, पातं पुन्हा आत. शेवटी वैतागून फटींत कडक पुट्टी भरली, आणि तीच मोठी चूक ठरली. जूनमध्ये हवा दमट झाली, फळ्या फुगल्या, पुट्टी दबेना, तेव्हा त्या जोरानं दोन बरगड्यांवरचे खिळेच उपसले. रविवारी दोन तास वल्हवायचं तर शुक्रवारी रजा टाकून होडी पाण्यात बुडवून यायची, हे नोकरी करणाऱ्या माणसाला किती वेळा जमणार? पहिल्या वर्षात मला चार वेळा जमलं.

प्लायवूडचे थर एकमेकांना आडवे असतात, त्यामुळे ते फारसं फुगत-आखडत नाही, आणि वर इपॉक्सीचं कवच. पहिल्या खेपेनंतर ती होडी तीन महिने भिंतीला टेकून होती. उतरवली, धूळ पुसली, जेटीवर नेली. परतलो तेव्हा तळाला होतं ते माझ्या चपलांबरोबर आलेलं पाणी. शिवाय ती दोघांत उचलते, फळ्यांचीला चौघं लागायची. ओहोटीला खाडीचा गुडघाभर चिखल लागतो तेव्हा हा फरक फार जाणवतो.

तरी सगळ्यांनी प्लायच घ्यावं असं मी म्हणणार नाही. कोळीवाड्यात कुणाच्या ओळखीनं होडी कायम पाण्यात बांधून ठेवायची सोय असेल, तर फळ्यांचा विचार जरूर करा. लाकूड पोखरणारी खाऱ्या पाण्यातली कीड सांभाळावी लागेल, म्हणजे वेळच्या वेळी होडी ओढून घासणं आणि तेल-डांबर देणं आलं. पण काही मोडलं तर कोळीवाड्यातला कुणीही जाणता माणूस एक फळी काढून दुसरी ठोकून देईल. प्लायवूडचं आतून कुजणं बाहेरून दिसत नाही. तळाला दगडाचा ओरखडा पडून कवच फुटलं आणि तसंच राहिलं, तर पाणी थरांत शिरतं आणि कळेपर्यंत उशीर झालेला असतो. मी दर खेपेनंतर तळावरून बोटं फिरवून बघतो. पावसाचं गोडं पाणीही आत साचू देत नाही, लाकूड कुजवायला ते खाऱ्यापेक्षा वाईट. माझी फळ्यांची होडी आता काकांच्या पुतण्याकडे आहे. ती पाण्यातच असते आणि गळत नाही.

कुठे वल्हवायचं ते बांधायच्या आधीच ठरवा. ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधल्या खाडीत 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नये. मी बेलापूरच्या बाजूलाच वल्हवतो, आणि जेटीवर आधी विचारल्याशिवाय होडी पाण्यात घालत नाही.

प्लायचं नक्की केलंत तर शीट दसऱ्याच्या आसपास आणा आणि इपॉक्सीचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका. शीट येईपर्यंत इंचाला एक फूट या मापानं बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची होडी करून बघा, सुई-दोऱ्यानं शिवून. माझ्या पुठ्ठ्याच्या होडीत नाळेपाशी तळाचा तुकडा सुरकुतला होता. मी तिथली गोलाई थोडी कमी केली, आणि खरं प्लायवूड तिथे न कुरकुरता बसलं.