खंडेराव मार्केट, बडोदा: माल चांगला, मागताना मात्र जपून

सयाजीराव महाराजांच्या काळात, १९०६ साली उभ्या राहिलेल्या या देखण्या इमारतीत आता महानगरपालिकेचा कारभार चालतो. भाजी, फळं, फुलं मागच्या बाजूला. माल ताजा, निवड भरपूर, हिवाळ्यात तर ओल्या हळदीपासून तुरीच्या शेंगांपर्यंत सगळं एका फेरीत मिळतं. गाडी लावायची पंचाईत आहे, म्हणून एक तारा कमी. पाचापैकी चार.

पुण्या-मुंबईहून नव्याने आलेल्यांना इथे खरी अडचण भाषेची येते, पण ती अनोळखी शब्दांची नव्हे. ‘तुरियां’ म्हणजे दोडका हे ठाऊक नसलं तरी बोट दाखवून काम भागतं. घोळ होतो तो ओळखीच्या शब्दांनी. बडोद्यात मराठी कानांना परकी नाही, त्यामुळे विकणाऱ्याला वाटतं कळलं, घेणाऱ्यालाही वाटतं कळलं, आणि पिशवी घरी उघडल्यावर उपासाचा बेत बदलावा लागतो.

उपासाचंच घ्या. ‘रताळं’ मागितलंत तर हाती ‘रताळु’ पडण्याची शक्यता मोठी. हा उंधियूत घालतात तो जांभळा कंद. साल जाड, आतून चिकट, गोडी जवळजवळ नाही. किसला तर गोळा होतो आणि सोलताना काहींच्या हाताला खाज सुटते. हाताला तेल लावून सोलावा, मोठे तुकडे करून तळावा किंवा वाफवावा. छान लागतो, पण गोड किसाचं काम त्याचं नव्हे. आपलं रताळं हवं असेल तर ‘शक्करियां’ म्हणा.

नारळाचं त्याहून गमतीचं. ‘ओला नारळ’ मनातल्या मनात गुजरातीत फिरवून ‘लीलुं नाळियेर’ मागितलं की समोरचा कोयत्याने शहाळं फोडून नळी हातात देतो. खवायला हवा असेल तर ‘श्रीफळ’ मागा, कानाशी हलवून पाणी वाजतंय का बघा आणि डोळे ओलसर किंवा बुरसलेले असतील तर परत ठेवा.

‘केरी’ म्हणजे इथे आंबा, पिकलेला असो वा कच्चा. त्यामुळे लोणच्यासाठी नुसतं ‘कैरी’ म्हटल्यास केसरची पेटी पुढे येऊ शकते. ‘काची केरी’ म्हणा, त्यातही ‘अथाणानी’ हे सांगा. राजापुरी मोठी असते, छुंद्याला किसायला सोयीची. कोहळ्याचंही तसंच: ‘कोळुं’ ऐकून लाल भोपळा कापला जाईल, पांढऱ्या कोहळ्याला ‘भूरुं कोळुं’ म्हणतात. ‘भाजी’ म्हणजे पालेभाजी. एरवीचं सगळं ‘शाक’. चोळीचा भाव कानावर आला तर दचकू नका, चवळीच्या शेंगा आहेत. भेंडी कोवळी हवी तर ‘कूणी’ म्हणा, आणि विकणाऱ्या बाईंना ‘बाई’ अशी हाक मारण्याऐवजी ‘बेन’ किंवा ‘मासी’ (मावशी).

वर्षाचे गहू किंवा बटाटे मोठ्या प्रमाणात घेणाऱ्यांनी मणाचा हिशेब आधी नीट लावावा. गुजरातच्या बाजारात मण म्हणजे २० किलो. महाराष्ट्रातल्या जुन्या माणसांच्या डोक्यात चाळीस शेरांचा मण, म्हणजे साधारण ३७ किलो, बसलेला असतो; त्या हिशेबाने इथला भाव ऐकला की निम्म्यात मिळतंय असं वाटतं. मणाचा भाव सांगितला की त्याला २० ने भागा, मगच घासाघीस करा.

किराण्याच्या दुकानात ‘साकर’ म्हणजे खडीसाखर, चहात घालायची ती ‘खांड’. दूधवाल्याकडचा ‘मठो’ हा श्रीखंडाचा सौम्य भाऊ. जेवणावर प्यायला मठ्ठा हवा असेल तर ‘मसाला छाश’ मागायची, नाहीतर जिरं-कोथिंबिरीऐवजी वेलची आणि साखर पोटात जाते. हे फार वाईट नाही म्हणा.

सर्वांत महागात पडतं ते पिठाचं. पिठाच्या गिरणीला इथे ‘घंटी’ म्हणतात. तिथे जाऊन ‘भाकरीचं पीठ’ सांगितलं तर ‘भाखरीनो लोट’ मिळतो, म्हणजे रवाळ दळलेले गहू. ते गुजराती भाखरीला हवं असतं: तेलाचं मोहन घालायचं, कणीक घट्ट मळायची, लाटायची आणि तव्यावर दाबून कडक भाजायची. ज्वारीसारखं गरम पाण्यात मळून थापायला गेलात तर चिवट होतं. आपली भाकरी म्हणजे त्यांचा ‘रोटलो’. तेव्हा ‘जुवारनो लोट’ किंवा ‘बाजरीनो लोट’ असं धान्याचं नाव घेऊनच मागा. पीठ बारीक हवं हेही आधीच सांगा, आणि आधीच्या गिऱ्हाइकाचं दळण काय होतं ते विचारा. गव्हाचं असेल तर पहिली मूठभर ज्वारी वेगळी दळून बाजूला काढायला सांगावी.