टीव्हीवरचा बक आणि झाडावर बसलेला माणूस

"मामा, आउटफिटर पाच दिवसांच्या हरणाच्या शिकारीचे साडेचार हजार डॉलर म्हणतोय. निम्मे आत्ता भरायचे, ते परत मिळत नाहीत. भरू का?"

शिकागोहून भाच्याचा फोन. मागे टीव्ही चालू होता आणि त्यावर कुणीतरी कुजबुजत होतं, म्हणजे आउटडोअर चॅनल लागलेला. शिकारीच्या कार्यक्रमात माणसं वीस मिनिटं कुजबुजतात आणि शेवटची दोन मिनिटं एकमेकांना मिठ्या मारतात.

भाच्याला हवाय व्हाइटटेल बक. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा मोठा नर, भिंतीवर लावण्याजोग्या शिंगांचा. मी विस्कॉन्सिनमध्ये अकरा सीझन या नादात घालवलेत. दहा सरकारी जमिनीवर आणि ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या रानात, आणि एक आउटफिटरकडे, म्हणजे पैसे घेऊन शिकारीची सोय करणाऱ्याकडे, पैसे भरून. त्याला फोनवर तुटक तुटक सांगितलं ते इथे सलग लिहितो, कारण हा हिशेब मांडून बसलेला तो एकटाच नाही.

आधी शिंगांचं बघू. टीव्हीवर 'वन-सेव्हंटी', म्हणजे 170 इंच, म्हटलं की नव्या माणसाला वाटतं, चौदा फुटांचं शिंग असतं की काय. तसं नाही. दोन्ही मुख्य शिंगांची लांबी, त्यांना फुटलेल्या प्रत्येक शाखेची लांबी, दोन्हींमधलं अंतर आणि जाडीची आठ मापं अशी सगळ्यांची ती बेरीज असते. डावं-उजवं जुळत नसेल तर वजावट. शिंगं साठ दिवस वाळल्याशिवाय अधिकृत माप घेतच नाहीत. 1887 साली थिओडोर रूझवेल्टने काढलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबच्या कायमच्या नोंदवहीत जायचं तर सरळ घडणीच्या शिंगांना 170 इंच लागतात. धनुष्यबाणवाल्यांच्या पोप अँड यंगला 125 पुरतात. जागतिक विक्रम 213 आणि वर पाच अष्टमांश इंच. तो बक मायलो हॅन्सन नावाच्या कॅनडातल्या शेतकऱ्याने 1993 मध्ये सस्कॅचेवानात मारला.

टीव्ही पाहून एक गोष्ट कळत नाही ती अशी की एवढी शिंगं म्हणजे मुळात वय. आपल्या सांबरासारखीच ही शिंगं दरवर्षी गळतात आणि नव्याने येतात, आणि पाच-सहा वर्षांचा झाल्यावर बक भरात येतो. आमच्याकडे नोव्हेंबरात नऊ दिवसांचा बंदुकीचा सीझन असतो, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून. त्या नऊ दिवसांत पाच लाखांहून जास्त माणसं नारिंगी जाकिटं चढवून रानात शिरतात. या गर्दीतून सहा सीझन निभावून जाणारा बक किती हुशार असेल आणि असे किती उरत असतील? सरकारी रानात तुमच्यासमोर येतो तो बहुतेक दीड-दोन वर्षांचा पोरगा.

टीव्हीवाल्यांना मात्र दर आठवड्याला आजोबा भेटतात. कसे? जमिनीमुळे. शेकडो, कधी हजारो एकर लीजवर घेतलेले असतात. त्यात हरणांसाठीच क्लोव्हर आणि सलगम पेरलेले असतात आणि जागोजागी ट्रेल कॅमेरे, म्हणजे हरीण समोर आलं की आपोआप फोटो काढणारे, बांधलेले. बक दोन वर्षांचा असल्यापासून त्याचे फोटो साठवतात, त्याला नाव देतात, आपण बैलांना सर्जा-राजा म्हणतो तसं. तीन-चार वर्षं त्याला कुणी हात लावत नाही. मग एका नोव्हेंबरात पाहुणा येतो आणि 'पहिल्याच संध्याकाळी' नशीब उघडतं. पडद्यावर दिसते ती संध्याकाळ खरी असते, माझी काही तक्रार नाही. त्यामागची चार वर्षं आणि लीजचा खर्च तेवढा दाखवत नाहीत.

शिवाय यात धंदा आहे. असल्या बऱ्याच कार्यक्रमांचे निर्माते चॅनलकडून वेळ विकत घेतात आणि मग जाहिरातदार शोधून तो खर्च वसूल करतात. बाण, जाकीट, बियाणं, माणसाचा वास घालवणारा स्प्रे, सगळ्याचं नाव यायला हवं आणि शेवटी बक पडायला हवा. रिकाम्या हाताने परत आलेल्या माणसाचा भाग कोण विकत घेणार? बाण सुटताना बोटांचा जो जवळून शॉट दिसतो, तो तर बऱ्याचदा नंतर पुन्हा करून घेतलेला असतो.

आता झाडावर. आमच्या सीझनच्या पहिल्या शनिवारी मी पहाटे चारला उठतो. साडेपाचला, अंधारात, वारा कुठून येतोय ते बघत लांबून वळसा घालून झाडाशी पोचायचं. सरळ गेलो तर माझा वास माझ्याआधी पोचतो. खांदे, छाती आणि मांड्यांभोवती बसणारा सुरक्षा-पट्टा झाडाच्या दोराला अडकवून वीस फूट चढायचं. हा पट्टा टाळू नका, या खेळात माणसं बंदुकीपेक्षा झाडावरून पडून जास्त जायबंदी होताना मी पाहिलीत. मग स्टँडवर, म्हणजे झाडाला बांधलेल्या मचाणावर, बसायचं. उणे नऊ सेल्सियस. पहिला तास मजेत जातो. दुसऱ्या तासाला पायाची बोटं कळेनाशी होतात. खारीच्या पळण्याचा आवाज कोरड्या पानांवर हुबेहूब हरणासारखा येतो. दहा वेळा छाती धडधडते आणि दहाही वेळा खार निघते. थर्मासातला चहा प्यावा तर लघवीला उतरावं लागतं. दुपारी दोनला तुम्ही ऑफिसातल्या न झालेल्या भांडणांची उत्तरं मनात जुळवत असता. अंधार पडतो. उतरायचं. उद्या परत.

असे माझे पहिले दोन सीझन गेले. एकही गोळी सुटली नाही. बक दिसले तीन, त्यातले दोन पळताना, पांढरी शेपटी वर करून. टीव्हीच्या मापाने हे बाविसाव्या सेकंदाला कापलं गेलं असतं. मला मात्र तेच दिवस जास्त आठवतात, पण हा माझा स्वभाव. भाच्याचा तसा आहे का, ते मला ठाऊक नाही, आणि खरा प्रश्न तोच आहे.

बाण लागल्यानंतरचं सांगतो. ते टीव्हीवर सर्वांत कमी दिसतं.

तिसऱ्या सीझनला, ऑक्टोबरच्या एका संध्याकाळी, बावीस यार्डांवर आठ टोकांचा एक बक उभा राहिला. मी बाण सोडला आणि त्याच क्षणी त्याने एक पाऊल पुढे टाकलं. खाली उतरून बाण उचलला तर त्यावर रक्त थोडंच, हिरवट-तपकिरी चिकट लेप आणि शेणासारखा वास. म्हणजे बाण छातीत नाही, पोटात. अशा वेळी नियम एकच: मागे फिरायचं आणि आठ-दहा तास त्याच्या वाटेला जायचं नाही. लगेच मागे लागलात तर तो उठून मैलभर जातो आणि कधीच सापडत नाही. टीव्हीवर या रात्रीची चार सेकंदं होतात, चंद्र दाखवतात आणि लगेच सकाळ. मी त्या रात्री डोळा मिटला नाही. बायकोने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही.

सकाळी गुडघ्यांवर रांगत शोधलं. रक्ताचा ठिपका दिसला की शेजारच्या फांदीला टॉयलेट पेपरचा तुकडा. ओकच्या लाल पानांवर लाल ठिपका ओळखणं म्हणजे काय, ते करून बघावं. दीडशे यार्डांवर ठिपके संपले. शेवटी एका निवृत्त गृहस्थांना फोन केला. त्यांच्याकडे माग काढणारी आखूड पायांची डॅक्सहुंड आहे आणि दोरीला बांधलेल्या कुत्र्याने माग काढायला इथे परवानगी आहे. तिने चाळीस मिनिटांत ओढ्याकाठी नेऊन उभं केलं. रात्री कोल्ह्यासारख्या कायोटींनी मागचा एक पाय खाल्ला होता. पोटातल्या घाणीने आणि उबदार रात्रीने मांसही गेलं. टॅग, म्हणजे एका हरणाचा परवाना, माझा, जीव त्याचा, आणि घरी नेण्याजोगं जवळपास काही नाही. ते गृहस्थ काहीच बोलले नाहीत, कुत्रीला बिस्किट दिलं आणि निघाले.

ज्याला साडेचार हजार भरायचेत त्याने ही शक्यता धरूनच भरावेत. आउटफिटरच्या करारात सहसा लिहिलेलं असतं: हरणाला जखम झाली आणि ते सापडलं नाही, तरी तुमची शिकार संपली. बरेच जण किमान मापही घालतात, 125 किंवा 130 इंच. त्याहून लहान मारलात तर वर दंड. वीस फुटांवरून, उतरत्या उजेडात, धडधडत्या छातीने 118 आणि 130 मधला फरक मला अकरा वर्षांनंतरही सांगता येत नाही.

आउटफिटरला विचारायचा प्रश्न मी भाच्याला लिहून दिला: गेल्या वर्षी किती माणसं आली आणि किती बक लटकले, म्हणजे खरोखर हाती आले? 'ऐंशी टक्के लोकांना संधी' हे उत्तर ऐकून भुलू नको. संधी म्हणजे बक दिसला, कदाचित टप्प्यातही आला. लटकला असं नाही. मी पैसे भरून गेलो त्या वर्षी आम्ही सहा जण होतो. जेवण झकास, स्टँड उत्तम, गाइड सज्जन. पाच दिवसांत सहा जणांत मिळून एक बक, तोही माझा नव्हे. फसवणूक कुणीच केली नाही. हरणाने करार वाचला नव्हता, एवढंच.

भाच्याने मध्येच विचारलं, मग आयोवाला जाऊ? टीव्हीवर सगळे तिथेच असतात. असतात खरे, कारण तिथली माती, मका आणि नियम तिन्ही मोठ्या बकला मानवतात. पण बाहेरच्या राज्यातल्यांना नर मारता येईल असे टॅग वर्षाला फक्त 6,000, तेही सोडतीत. चांगल्या भागातल्या धनुष्यबाणाच्या टॅगसाठी वर्षानुवर्षं अर्ज करून पॉइंट साठवावे लागतात. आज ठरवलंस तर हाती टॅग येईपर्यंत तुझी मुलगी शाळेत जायला लागेल.

आठ फुटी कुंपणाच्या आतली तिसरी वाटही आहे. तिथे बक पैदाशीचे, 200 इंचांचे सुद्धा, आणि दर इंचांवर. कॅटलॉग बघून निवडायचं. बून अँड क्रॉकेट असली शिंगं नोंदवून घेत नाही. माझं मत विचाराल तर ती शिकार नव्हे, महागडी खरेदी आहे. पण ज्याला फक्त भिंत सजवायची आहे त्याने निदान तिथे जाऊन स्वतःशी खरं बोलावं.

उलट बाजूचा खर्च बघा. विस्कॉन्सिनच्या रहिवाशाला बंदुकीचं डियर लायसन्स चोवीस डॉलर. बाहेरच्याला त्याच्या कितीतरी पट, तरी आउटफिटरच्या पुढे किरकोळच. जुनी रायफल, नारिंगी जाकीट, बरे बूट. 1 जानेवारी 1973 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला हंटर एज्युकेशनचा कोर्स हवा, किंवा मग हाताच्या अंतरावर जाणता सोबती घेऊन मेंटर पद्धतीने जाता येतं. तो सोबती म्हणजे मी.

एच-वन-बी वाल्यांसाठी एक कळीची गोष्ट. संघराज्याच्या कायद्याने अशा व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगता येत नाही, पण त्याच कायद्यात अपवाद आहे: अमेरिकेतल्या राज्याचं वैध शिकारीचं लायसन्स जवळ असेल तर चालतं. ते खिशात नसताना मित्राची बंदूक सहज हातात घेऊन बघणंही अंगाशी येऊ शकतं. ग्रीन कार्डवाल्यांना हे बंधन नाही, आणि धनुष्यबाण या कायद्यात बंदूक नाही. भाचा एच-वनवर आहे. आउटफिटरच्या माहितीपत्रकात यातलं अवाक्षर नव्हतं.

आणि मांस. चांगल्या मोठ्या नराचं हाडं काढून पन्नास-साठ पौंड निघतं. पण आमच्या राज्यात 2002 पासून सीडब्ल्यूडी आहे, हरणांच्या मेंदूचा असाध्य रोग. माणसाला झाल्याची खात्रीची नोंद नाही, तरी तपासल्याशिवाय खाऊ नये असाच सल्ला आहे. त्यामुळे सीझनमध्ये हरीण मिळालं की मी मुंडकं कापतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतो, फॉर्म भरतो आणि रस्त्याकडेच्या सरकारी पेटीत टाकून येतो. तपासणी फुकट. निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये, नावाची चिठ्ठी लावून. ही पेटी मी अजून एकाही शिकारीच्या कार्यक्रमात पाहिलेली नाही.

माझा कौल असा. टीव्हीवरचा बक हवा असेल तर तो जमिनीच्या आणि वेळेच्या मालकाला मिळतो. पाच दिवसांचं भाडं भरून तुम्ही त्याच्या जमिनीवर बसता, त्याची चार वर्षं तुमची होत नाहीत. पहिलाच सीझन असेल तर पैसे राखा, मादीचा टॅग घ्या, ओळखीच्या रानात बसा. मादी मिळणं सोपं, मांस कोवळं, आणि हात खरंच थरथरतात का ते कळतं. तीन सीझन तसे काढूनही भिंतीवर काही हवंसं वाटलं, तर आउटफिटर कुठे पळून जात नाहीत. बकचं डोकं भिंतीवर लावण्यासाठी भुसा भरून घेतात तसं करून घ्यायला सातशे-आठशे डॉलर आणि वर्षभराची वाट, तेही त्या हिशेबात धरा.

भाच्याने निम्मे पैसे भरले नाहीत. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या शुक्रवारी तो इकडे येतोय, माझे जुने बूट त्याला होतात. आता त्याची एकच काळजी उरली आहे. ताई नाशिकहून डिसेंबरात येणार, ती माळकरी, आणि याच्या फ्रीझरमध्ये तोपर्यंत चाळीस पौंड हरीण असायची शक्यता आहे. "मामा, आईला तूच सांग ना," म्हणाला. मी म्हटलं, ट्री-स्टँड माझा, बूट माझे, रायफल माझी. तेवढं तुझं तू बघ.