कस्टम प्रायव्हेट टूर: दहा महिने, दोन ट्रिपा, आता लिहिते

लिहीन लिहीन म्हणत राहूनच जात होतं. आता दहा महिने झाले एका कंपनीकडून फक्त आमच्या कुटुंबापुरती, आमच्या आवडीची टूर प्लॅन करून घेतोय, स्पेनची मोठी ट्रिप झाली, मग रोमची छोटी झाली, तिसरीचं बोलणं चालू आहे, म्हणजे नव्याची नवलाई संपल्यावरचं मत आहे हे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण जे सांगणारे ते अशा बहुतेक टूरना लागू पडेल.

आम्ही चौघं: मी, नवरा, तेरा वर्षांची मुलगी आणि सासरे, वय 74, आयुष्यभर सिव्हिल इंजिनिअर. आधी ग्रुप टूर केलेली. बाबांना कुठेही नेलं तरी एकच प्रश्न पडतो, हे उभं कसं राहिलंय, आणि तो विचारेपर्यंत ग्रुपचा गाइड झेंडा घेऊन पन्नास पावलं पुढे गेलेला असतो. म्हणून हा खटाटोप.

सुरुवात अगदीच फुसकी झाली. फॉर्म आला, आवडीनिवडी टिक करा: इतिहास, कला, निसर्ग, शॉपिंग. आम्ही शॉपिंग सोडून सगळ्यावर टिक मारलं (कोण म्हणेल हो मला इतिहास नको?) आणि उत्तरात जी आयटिनररी आली ती नऊ दिवसांत सात शहरं, तयार ब्रोशरवर आमचं आडनाव चिकटवलेलं. मी चिडलेच होते, पण नंतर वाटलं आपण तरी त्यांना काय सांगितलं होतं.

गाडी रुळावर आली ती दुसऱ्या कॉलला. प्लॅनर मुलीने विचारलं, मागच्या ट्रिपमध्ये कुठून पाय निघत नव्हता आणि कुठे कधी एकदा संपतंय असं झालेलं? बाबा म्हणाले, एका जुन्या पुलाखाली, तासभर सहज बसलो असतो. मुलगी म्हणाली राजवाडे नकोत, सगळ्या खोल्या सारख्याच दिसतात, पण फरशांवरच्या डिझाइनचे फोटो तिने ढिगाने काढले होते हे मलाच तेव्हा आठवलं. एवढ्यावर पुढचा ड्राफ्ट पार बदलून आला. टोलेडो उडालं, माद्रिदहून अर्ध्या दिवसासाठी सेगोव्हिया आलं, कारण तिथे पाणी वाहून नेणारा रोमन काळातला पूल आहे, ग्रॅनाइटचे दगड नुसते एकावर एक बसवलेले, मध्ये चुना नाही काही नाही, उंची जास्तीत जास्त 28 मीटरच्या आसपास. बाबा तिथे खरंच दीड तास होते. कोर्दोबाच्या मेस्किटात (जुनी मशीद, आता कॅथेड्रल) दोन मजली कमानी का, तर जुन्या इमारतींचे आणलेले खांब बुटके पडत होते, छत उंच हवं म्हणून कमानीवर कमान चढवली, हे ऐकून त्यांनी गाइडचा हातच हातात घेतला.

पण मला सगळ्यात लक्षात राहिलाय तो बार्सिलोनाचा दिवस. साग्रादा फामिलिया या प्रचंड चर्चच्या खालच्या म्युझियममध्ये त्याचा आर्किटेक्ट गाउडी याच्या लटकत्या मॉडेलची प्रतिकृती आहे, दोऱ्या आणि त्यांना टांगलेली वजनं. आमची गाइड स्वतः आर्किटेक्चर शिकलेली. तिने माझ्या गळ्यातली चेन मागितली, दोन्ही टोकं धरून लोंबती ठेवली आणि बाबांना म्हणाली फोटो काढा. मग फोन उलटा करायला लावला, आणि स्क्रीनवर चक्क कमान! लोंबत्या चेनमध्ये फक्त ताण असतो, तोच आकार उलटा केला की फक्त दाब उरतो, आणि दगड-वीट दाब झेलतात, ताण नाही. बाबांना हे कॉलेजात शिकवलेलं होतं, पण एखाद्या माणसाने वजनं टांगून अख्ख्या इमारतीचा आकार शोधावा हे त्यांना इतकं भावलं की दोघांची जी जुंपली, पाऊण तास! त्या नादात मुलीची टॉवरच्या लिफ्टची वेळ हुकली. तिकिटावर वेळ छापलेली असते, दुसऱ्या वेळेला घेतलं नाही. ती संध्याकाळपर्यंत फुगून बसली होती आणि तिचं बरोबरच होतं, घड्याळ बघायचं काम गाइडचं असतं.

इथेच एक गैरसमज काढते. प्रायव्हेट म्हणजे गाडी आणि गाइड आपले, जागा आपली नव्हे. ग्रानादाच्या अल्हाम्ब्रा किल्ल्यात नासरी सुलतानांच्या राजवाड्याची एन्ट्रीची वेळ तिकिटावर असते, ती गेली तर गेली, मग तुम्ही कितीही कस्टम असा. तिकीट नावावर निघतं, पासपोर्ट जवळ लागतो. आमच्या प्लॅनरने नावं बरोबर घातली होती, पण ही तिकिटं कधी बुक केलीत हे मला तीनदा विचारावं लागलं. आयटिनररी कितीही गोड असू दे, आधी ठरावीक वेळेची तिकिटं आणि मग बाकीचा दिवस त्यांच्याभोवती, हा क्रम आहे की नाही ते बघा.

अल्हाम्ब्रात मुलीचं मात्र भरून निघालं. तिथल्या गाइडने तिला कागद दिला, समभुज त्रिकोण काढ म्हणाला, प्रत्येक बाजूच्या अर्ध्या भागातून वक्र तुकडा काप आणि उरलेल्या अर्ध्यावर बाहेरून जोड, झाला तिथल्या टाइलवरचा पक्ष्यासारखा आकार, आणि असे कितीही एकमेकांत बसतात, फट राहत नाही. चित्रकार एशर इथे 1922 आणि 1936 साली येऊन हीच डिझाइन्स बघून गेला हे सांगितल्यावर तर बाईसाहेब उठायलाच तयार नाहीत. राजवाडा नको म्हणणारी हीच बरं का.

आता तक्रार. स्पेनमध्ये गाइडचं लायसन्स तिथल्या स्वायत्त प्रदेशांप्रमाणे वेगळं, आणि आमच्याकडे तर शहर बदललं की गाइड नवा. ठीक आहे, पण पहिल्याला सांगितलेलं दुसऱ्यापर्यंत पोचतच नाही! कोर्दोबाच्या गाइडला बाबांच्या गुडघ्याचं काहीच माहीत नव्हतं, त्याने पहिल्या तासातच गल्लीबोळातून दोन किलोमीटर चालवलं. शेवटी मीच रात्री बसून अर्ध्या पानाची नोट लिहिली, कोण आहोत, काय आवडतं, कशाचा कंटाळा येतो, किती वेळाने बसायला लागतं, आणि पुढच्या प्रत्येक गाइडला आदल्या दिवशी पाठवायला लावली. फरक लगेच दिसला. हे काम खरं तर कंपनीचं, पैसे कशाचे घेता मग?

रोमला मुलगी नव्हती, परीक्षा होती, आणि तिथे गाइडने निराशा केली. माणूस बोलायला छान, पण तोंडपाठ. पँथिऑन या प्राचीन रोमन देवळाच्या घुमटाखाली उभं राहून सम्राटांच्या भानगडी सांगत होता, आणि बाबा वर बघतायत, 43 मीटर व्यासाचा काँक्रीटचा घुमट, आत लोखंड नाही, जवळजवळ 1900 वर्षं. त्यांनी विचारलं तर उत्तर काय, रोमन लोक फार हुशार होते. मग बाबांनीच आम्हाला सांगितलं की वर जाताना काँक्रीटमध्ये हलका हलका दगड वापरलाय, शेवटी तर प्यूमिस, म्हणजे ज्वालामुखीतला सच्छिद्र, हलका दगड. गाइडही ऐकत होता! त्यानंतर मी नियमच केलाय, गाइडशी आधी पंधरा मिनिटं कॉल झाल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत. प्लॅनर कुरकुरते, पण लावून देते.

बाकी बारीकसारीक: फुल डे म्हणजे आमच्याकडे आठ तास होते, वरचे तास वेगळे. ड्रायव्हर वेगळा, गाइड वेगळा, ड्रायव्हर आत येत नाही. कोटेशनमध्ये काय आहे यापेक्षा काय नाही ते आधी वाचा, आमच्या कोटमध्ये एका ठिकाणचं एन्ट्री तिकीट धरलेलंच नव्हतं. बदल फुकट किती वेळा ते लेखी घ्या, आमच्या प्लॅनरचा चौथ्या ड्राफ्टनंतर सूर बदलला होता. आणि रोज दुपारचे दोन तास रिकामे मागा, मागितले नाहीत तर ते भरून टाकतात, त्यांना वाटतं रिकामं दिसलं तर गिऱ्हाईक नाराज होईल.

पाचपैकी चार देईन. स्पेनचे साडेचार, रोमचे तीन असं धरा.

तिसऱ्या ट्रिपचा फॉर्म या वेळी बाबांनी स्वतः भरलाय. आवडीनिवडीच्या रकान्यात कुठेच टिक नाही, खाली पेनाने लिहिलंय: पूल. चालू बांधकाम असेल तर उत्तम. म्युझियम एकच, तेही बसायला जागा असेल तर.