स्नॉर्कल नकली निघाले, मडगार्डचे भोक मात्र कायमचे राहिले

पावसाळ्यात मुळशी, ताम्हिणी परिसरात आमचे नेहमी जाणे असते, म्हणून गेल्या मे महिन्यात मी माझ्या डिझेल थारला स्नॉर्कल, म्हणजे इंजिनाला छताच्या उंचीवरून हवा पुरवणारी बाहेरची उभी नळी, बसवून घेतले. एका नामांकित परदेशी कंपनीचे अस्सल स्नॉर्कल असल्याचे सांगून दुकानदाराने ते मला 11,000 रुपयांना दिले. इतर ठिकाणी याच नावाच्या स्नॉर्कलची किंमत दुपटीहून अधिक सांगितली गेली होती; तरीही 'थेट आयात आहे, मध्ये दलाल नाही' या त्यांच्या बोलण्यावर आणि खोक्यावरच्या छापील नावावर मी विश्वास ठेवला, पक्के बिलसुद्धा घेतले नाही.

बसवताना मडगार्डवर भोक आखण्यासाठी खोक्यात दिलेला कागदी नमुना नीट जुळेना, तेव्हा कारागिराने भोक अंदाजाने मोठे केले. त्याच क्षणी मी काम थांबवायला हवे होते.

जुलैमध्ये दोन दिवसांच्या संततधारेनंतर सहज म्हणून एअर फिल्टरचा डबा उघडला, तर फिल्टरचा कागद भिजून लगदा झालेला आणि तळाशी बोटभर पाणी साचलेले होते. गाडी तोवर एकाही ओढ्यात उतरलेली नव्हती. माझ्या नेहमीच्या मेकॅनिकने इंजिन चालू ठेवून स्नॉर्कलच्या तोंडावर जाड फळी दाबून धरली. सगळे सांधे घट्ट असते तर हवा न मिळाल्याने इंजिन घुसमटून बंद पडले असते. माझे इंजिन निवांत चालत राहिले. उघडून पाहता नळीचे दोन अर्धे भाग नुसते चिकटवलेले होते, ती शिवण हातभर उकललेली होती आणि मडगार्डच्या आतला रबरी कोपरा डब्याच्या तोंडापेक्षा मोठा असल्याने क्लॅम्प कितीही आवळला तरी फट राहतच होती. दोन महिन्यांच्या उन्हातच काळा रंग राखाडी पडला होता. चांगले स्नॉर्कल ऊन सोसणाऱ्या पॉलिएथिलीनचे असते, ते इतक्या लवकर असे विटत नाही.

हे पाणी सिलिंडरपर्यंत गेले असते तर काय झाले असते, या विचाराने मला आजही अस्वस्थ वाटते. पाणी हवेसारखे दाबले जात नाही, त्यामुळे वर येणारा पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा नुकसानीची भरपाई सर्वसाधारण विम्यात सहसा मिळत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. शिवाय 2020 च्या थारसाठी कंपनीने पाण्यात उतरण्याची मर्यादा 650 मिलिमीटर दिलेली आहे आणि अस्सल स्नॉर्कल लावले तरी ती वाढत नाही, हेही दुकानात मला कोणी सांगितले नाही.

'फिटिंग झालेला माल परत घेत नाही,' एवढेच उत्तर दुकानदाराने दिले, आणि बिल नसल्यामुळे मला पुढे काही करता आले नाही. तुम्ही स्नॉर्कल घेणार असाल तर पत्रा कापण्याआधी नमुना मडगार्डवर लावून पाहा, नळीवर उभी शिवण आहे का ते बोटाने चाचपा आणि फळीची चाचणी दुकानातच, पैसे देण्याआधी करून घ्या. तळहाताने मात्र ते तोंड कधीही बंद करू नका. माझ्या मडगार्डच्या भोकावर सध्या अॅल्युमिनियमची पट्टी रिव्हेट केलेली आहे.