राणीची बाग: एकट्याने फिरायला शिकणाऱ्या मुलांसाठी मुंबईतली बेस्ट जागा

राणीच्या बागेचे रिव्ह्यू भरपूर आहेत, पण सगळे पेंग्विन, वाघ नाहीतर गर्दी यावरच. मी वेगळ्या कारणासाठी लिहितेय. मी १८ वर्षांवरच्या बौद्धिक दिव्यांग मुलामुलींच्या कार्यशाळेत शिकवते. मेणबत्त्या, पणत्या, कागदी पिशव्या करायला सगळीकडे शिकवतात, पण सुट्टीच्या दिवशी जायचं कुठे, ते कधी उघडं असतं, पैसे किती लागतात आणि परत कसं यायचं हे फार कमी ठिकाणी शिकवतात. मग पोरगा पंचवीस वर्षांचा झाला तरी रविवारी आईबाबा नेतील तिथे, नाहीतर दिवसभर टीव्हीसमोर. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात संस्कृती आणि करमणुकीसाठी वेगळं कलम २९ आहे, म्हणजे फिरायला जाणं हे लाड नाहीत, हक्क आहे, हे आधी पालकांनाच सांगावं लागतं.

आता बागच का? कारण दर वेळी सगळं त्याच क्रमाने होतं. भायखळा स्टेशन, पूर्वेला बाहेर, चालत दहाएक मिनिटं, गेट, तिकीट, आत. आम्ही प्रत्येक टप्प्याचा फोटो काढून मोबाईलमध्ये ओळीने लावून देतो, ज्यांना वाचता येत नाही तीपण फोटो सरकवत जातात. अवघड एकच, आंबेडकर रोड ओलांडणं, त्याची प्रॅक्टिस आम्ही बागेत न जाताच नुसती वेगळी घेतो. २०१७ पासून मोठ्यांचं तिकीट ५० रुपये आहे, म्हणजे एकच नोट, सुट्ट्या पैशांचा हिशोब नको. दिव्यांगांना सवलत असो नसो आम्ही रांगेत उभं राहायला लावतोच, कारण "एक तिकीट द्या" हे अनोळखी माणसाला मोठ्याने सांगणं हाच तर धडा आहे!!

बुधवारी बाग बंद असते आणि बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या दिवशी उघडी आणि दुसऱ्या दिवशी बंद. हे आपण आयतं सांगायचं नाही. मुलांनीच मोबाईलच्या व्हॉइस सर्चमध्ये बोलून शोधायचं, "राणीची बाग आज उघडी आहे का", आणि मग कॅलेंडरवर खूण करायची. शोधायची सवय लागली की तीच पुढे सिनेमाला, मॅचला, जत्रेला उपयोगी पडते.

आतमध्ये लक्षात राहणाऱ्या खुणा चिक्कार आहेत. काळा घोडा चौकाला ज्याच्यामुळे नाव पडलं तो मूळ पुतळा इथे आहे, शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती आहे. "चुकलास तर घोड्यापाशी थांब" एवढं सांगितलं की पुरतं. पेंग्विनची इमारत थंडगार असते, काहींना तो गारवा आणि अंधार सोसत नाही, त्यांनी बाहेर थांबलं तरी चालतं. आमची एक मुलगी प्राण्यांकडे बघतच नाही, जुन्या झाडाखाली बसून येणारीजाणारी माणसं बघते आणि भेळ खाऊन खूश. तिची आई म्हणाली मग नेऊन उपयोग काय? अहो ताई, तिची सुट्टी आहे, काय करायचं ते तीच ठरवणार ना.

आमची पद्धत म्हणजे आधी बरोबर जायचं, मग वीस पावलं मागून, मग मी गेटवरच थांबायचं, मग स्टेशनवर. शेवटी फक्त "पोचलो" असा फोन. पण बाहेरचं जग यासाठी तयार नाहीये. एका मॉलमधल्या गेमिंग झोनमध्ये आमच्या मुलाला पैसे हातात असून, दिव्यांग ओळखपत्र दाखवूनही "पालक कुठेत" म्हणून परत पाठवलं, त्याचा चेहरा मला विसरता येत नाही. रेल्वेचंही बघा, बौद्धिक दिव्यांगांची सवलत सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे जो एकटा जायला शिकला त्याचीच पंचाईत! हा नियम बदलायलाच हवा.

बागेला माझे पाच पैकी साडेचार स्टार. गेटवर शब्दांऐवजी चित्रांचा मोठा नकाशा आणि आठवड्यात एखादी शांत सकाळ दिली तर पूर्ण पाच देईन, आणि हे महापालिकेला अजिबात जड नाही.

जाणार असाल तर शनिवार, रविवार आणि मे महिना टाळा, मंगळवारी किंवा गुरुवारी सकाळी जा. खिशात नाव आणि घरच्या नंबरची चिठ्ठी हवीच, बॅटरी संपली तर तीच कामी येते. आणि पहिल्यांदा एकटं सोडाल तेव्हा दर पाच मिनिटांनी फोन करू नका प्लीज, फोन काढायच्या नादात त्यांचं रस्त्यावरचं लक्ष उडतं.